कालामसुत्ताचा न वाचलेला उत्तरार्ध

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील केसमुत्तिसुत्त आमच्या वाचकांना कालामसुत्त या नावाने परिचित आहे. व्याख्यानांत, वर्षावासातील प्रवचनांत आणि आपल्या नियतकालिकांच्या पृष्ठांवर याइतके उद्धृत होणारे दुसरे सुत्त क्वचितच सापडेल. परंतु जे उद्धृत होते तो त्याचा पूर्वार्ध होय. परंपरा आहे म्हणून, ऐकिवात आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये, एवढे सांगून वक्ता थांबतो आणि धम्म विज्ञाननिष्ठ असल्याचा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा आहे. आणि त्याचे अपुरेपण पाहावयाचे तर ग्रंथालयापेक्षा वणीसारख्या कापसाच्या मुलुखात जाणे बरे.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागात शेती बहुतांशी कोरडवाहू. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होऊन विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, त्याच दिवसांत शेतात डवरणी, निंदण आणि फवारणी चाललेली असते. आश्विन पौर्णिमेला वाचन संपते तेव्हा पहिली वेचणी जवळ आलेली असते. म्हणजे ग्रंथ ऐकणारा उपासक वर्षातील सर्वाधिक अनिश्चिततेचा काळ नेमका विहारात घालवतो. त्याच्या मनातील प्रश्न असा की, टोबलेली सरकी उगवेल काय, उगवली तर पंधरा दिवसांची उघाड सोसेल काय, आणि दुबार पेरणीची पाळी आली तर पैसा कोठून आणावा. धम्म विज्ञाननिष्ठ आहे, या उत्तराने त्याच्या पदरात काय पडते?

पावसाचे भाकीत ही गोष्ट पाली वाङ्मयाला नवी नाही. दीघ निकायातील ब्रह्मजालसुत्तात, महासीलाच्या यादीत, सुवुट्ठिका आणि दुब्बुट्ठिका म्हणजे चांगला व वाईट पाऊस, सुकाळ व दुष्काळ, क्षेम व भय, रोग व आरोग्य यांची भाकिते ओळीने येतात आणि त्यांवर चालणाऱ्या उपजीविकेला मिच्छाजीव म्हटले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात वर्तुळ आखून अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मध्यभागी ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतील बदल पाहून पाऊस, पीक, रोगराई व राजा यांचे भाकीत सांगतात. ते विदर्भभरच्या वृत्तपत्रांत छापून येते. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर असलेल्या या दोन याद्या जवळजवळ एकच असाव्यात, हे वाचून पालीच्या अभ्यासकाला हसू येते, आणि लगेच ते मावळतेही. माणसाची भीती बदललेली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

येथे एक सावधगिरी हवी. ब्रह्मजालसुत्ताचा आक्षेप भाकीत करून पोट भरणाऱ्या श्रमणावर आहे. पावसाचे कारण शोधू नये असे ते कोठेही सांगत नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडाच्या आरंभी धर्मकल्पनेचा उगम सांगताना वीज, पाऊस, पूर यांचाच उल्लेख केला आहे. आदिमानवाला त्यांचा उलगडा होईना, म्हणून त्यांना वश करण्यासाठी जादू आली, आणि धर्म व जादू एकच मानली गेली. हा उलगडा करण्याचे काम आता विज्ञानाकडे आहे, ते तिकडेच असावे.

विज्ञानाने ते कसे केले, हे मात्र आपण पुरेसे पाहत नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. १८८६ साली ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज दिला. २००२ साली खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. त्या अपयशानंतर १९८८ पासून वापरात असलेले सोळा घटकांचे प्रतिमान बाजूला ठेवण्यात आले. २००९ साली पुन्हा ९६ टक्क्यांचा अंदाज होता, पडला ७८ टक्के. उपहास करणारे ही उदाहरणे विज्ञानाच्या विरोधात देतात. आमच्या मते हीच त्याची थोरवी आहे: चुकलेला अंदाज आकड्यासह नोंदला जातो, तो कोणालाही तपासता येतो, आणि त्याच्यामुळे पद्धत बदलावी लागते. घटमांडणीत चुकलेल्या भाकितासाठी पद्धत बदलल्याचे उदाहरण नाही.

परंतु हा अंदाज टक्क्यांत असतो, तो सगळ्या देशाचा असतो, आणि त्याबरोबर चुकीची मर्यादाही सांगितलेली असते. वणीच्या शेतकऱ्याला हवा असतो आपल्या तीन एकरांचा पाऊस, तोही ठरलेल्या आठवड्यात. विज्ञान शक्यता सांगते, खात्री देत नाही. खात्री विकली जाते ती बाजारात, आणि बाजार पुष्कळदा विज्ञानाचाच वेष घेऊन येतो. २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाली, तेव्हा संशोधकांना माहीत होते की अळी कालांतराने प्रतिकारक्षम होऊ शकते. दुकानातून पाकीट घेणाऱ्याच्या कानी पडली ती बोंडअळीपासून सुटकेची खात्री. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्याला घटमांडणी अंधश्रद्धा वाटते त्याने पाकिटावरच्या खात्रीलाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. कालामसुत्ताचा पूर्वार्ध येथे खरोखर उपयोगी पडतो. कारण त्यातील दहा अग्राह्य आधारांत वक्त्याचे भारदस्त रूप आणि गुरूविषयीचा आदर यांचाही समावेश आहे. शिवाय त्याच यादीत तक्क आणि नय, म्हणजे नुसता तर्क आणि नुसते अनुमान, हेही आहेत. सुत्ताला बुद्धिवादाची सनद म्हणणारे हे दोन शब्द घाईने ओलांडतात. सुत्ताची कसोटी आहे ती लोभ, द्वेष आणि मोह यांतून निपजणारे कर्म हिताचे की अहिताचे, ही. ती आचरणाची कसोटी आहे. प्रयोगशाळेची पद्धत तीत शोधणे म्हणजे सुत्ताला त्याचे नसलेले काम लावणे होय.

आता उत्तरार्ध. मेत्ता, करुणा, मुदिता व उपेक्खा यांनी ज्याचे चित्त वैररहित आणि निर्मळ झाले आहे, अशा आर्यश्रावकाला चार अस्सास लाभतात असे तथागत कालामांना सांगतात. परलोक असेल आणि कर्माचे फळ असेल, तर मृत्यूनंतर सुगती मिळेल. नसेल, तरी येथेच, याच जीवनात तो वैराशिवाय सुखाने राहतो. पाप करणाऱ्याला पापाचे फळ भोगावे लागत असेल, तर त्याने कोणाचे वाईट चिंतलेले नाही. लागत नसेल, तर तो दोन्ही बाजूंनी शुद्धच आहे.

हा भाग आमच्याकडे का वगळला जातो ते उघड आहे. त्यात परलोकाचा शब्द आहे आणि तो आपल्याला अडचणीचा वाटतो. परंतु ‘असेल तर’ आणि ‘नसेल तर’ या दोन्ही शब्दांवर सुत्ताने सारखाच भार दिला आहे. कालाम मुळात आले होते ते संशयाने: येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत खरे म्हणतो, कोणाचे मानावे? तथागत त्यांचा संशय योग्य ठरवतात आणि परलोकाचा प्रश्न शेवटपर्यंत सोडवून देत नाहीत. तो न सुटताही माणूस कशाच्या बळावर उभा राहू शकतो, हे दाखवतात. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पास्कल यानेही अनिश्चिततेत काय करावे याचा हिशेब मांडला, पण त्याने ईश्वराच्या बाजूने पैज लावावयास सांगितले. कालामांना कशावरही पैज लावावी लागत नाही. दुसरा आणि चौथा अस्सास पदरात असतोच.

यातून पीक येत नाही, कर्ज फिटत नाही. तसे कोणी सांगत असेल तर तो पुन्हा भाकीतच करतो आहे. परंतु ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले, तेथे नापिकीइतकाच जीवघेणा असतो तो नापिकीचा लावलेला अर्थ. नशिबात नव्हते, मागल्या जन्मीचे भोग आहेत, हे शब्द आमच्या वस्त्यांतही अजून ऐकू येतात. संयुत्त निकायातील सीवकसुत्तात वेदनेची आठ कारणे दिली आहेत; ऋतुपरिणाम हे त्यांतील एक, आणि कर्मविपाक हे अगदी शेवटचे. सारे काही पूर्वकर्मानेच घडते हे मत तेथे चुकीचे ठरवले आहे. ते सुत्त शरीराच्या वेदनांविषयी आहे, पावसाविषयी नाही, हे मान्य. परंतु तिकनिपातातीलच तित्थायतनसुत्त हे खंडन माणसाच्या सर्व सुखदुःखांना लागू करते, आणि त्याबरोबर ईश्वरनिर्मितीचे व अहेतुवादाचेही खंडन करते. पाऊस अनिश्चित आहे म्हणजे तो विनाकारण आहे असे नव्हे. पूर्वकर्माचा सिद्धान्त राज्याला आणि समाजाला गरिबांविषयीच्या जबाबदारीतून मोकळे करतो, हा बाबासाहेबांचा आक्षेप या सुत्तांशेजारी ठेवून वाचला की कापसाचा भाव, सिंचन आणि पीककर्ज हे प्रश्न कर्माच्या खात्यातून निघून सरकारच्या खात्यात जातात.

तिकनिपातात आणखी पुढे अच्चायिकसुत्त आहे. शेतकऱ्याने त्वरेने करावयाची तीन कामे त्यात सांगितली आहेत: जमीन नांगरून तयार करणे, वेळेवर बी पेरणे, वेळेवर पाणी देणे व काढणे. आज उगव, उद्या ओंबी धर, परवा पीक, असे आपल्या धान्याला सांगण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्याजवळ नसते. उपमा भिक्खूंच्या शिक्षणासाठी आहे, पण शेत खरे आहे. वणीच्या विहारांत वर्षावासाच्या पहिल्या पंधरवड्यात हे छोटे सुत्त कालामसुत्ताच्या उत्तरार्धाला जोडून वाचावे, अशी आमची सूचना आहे. पाहिजे तर त्यासाठी पूर्वार्ध एक वर्ष बाजूला ठेवावा. तो सर्वांना पाठ आहे.

वाचताना अनुवादाची एक अडचण येईल. अस्सास याचा सरळ मराठी प्रतिशब्द ‘आश्वासन’ होतो. विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्याच्या आधी आणि नंतरही या भागाने हा शब्द इतका ऐकला आहे की, चार आश्वासने म्हटल्यास सभेत हशाच पिकेल. आम्ही ‘धीर’ हा शब्द सुचवतो. पालीत हाच अस्सास आनापानसतीच्या संदर्भात श्वासासाठी येतो, तेव्हा तोही अर्थ श्रोत्यांना सांगावा.