अकराव्या जागेवरचं व्हॅलिन

मंडळी, आज एकच शोधनिबंध घेऊ. २०१५ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला, मँचेस्टरच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला. रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, म्हणजे आपण घरी सरसकट ‘संधिवात’ म्हणतो त्यातल्या एका प्रकारात, काहींची बोटं थोड्या वर्षांत वाकडी होतात, काहींची वीस वर्षांनीही शाबूत. यात जनुकांचा हात किती, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं: एचएलए-डीआरबी१ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात अकराव्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असेल, तर एक्स-रेत हाडं कुरतडलेली दिसण्याची शक्यता वाढते.

आधी निबंधाचं मोठेपण सांगतो. १९८७ साली ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी ‘शेअर्ड एपिटोप’ची कल्पना मांडली. ७० ते ७४ या जागांवर विशिष्ट तुकडा असेल तर आजाराचा धोका जास्त. पंचवीसेक वर्षं बहुतेकजण त्याच चष्म्यातून बघत होते. पण त्यातून ०४:०१ आणि ०१:०१ हे दोन प्रकार एकाच टोपलीत पडतात. २०१२ मध्ये रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी ११, ७१ आणि ७४ या जागा एकत्र धरल्या, आणि टोपली फुटली. ०४:०१ मध्ये अकराव्या जागी व्हॅलिन, ०१:०१ मध्ये ल्यूसिन, धोकाही वेगळा. हीच मोजपट्टी मँचेस्टरकरांनी आजार होण्याऐवजी सांध्यांच्या नुकसानीला लावून पाहिली, आणि ती लागू पडली. काम उत्तम आहे, त्यात वाद नाही.

अडतं ते पुढे. ‘व्हॅलिनमुळे सांधा खराब होतो’ असं कोणी म्हणालं की त्याला थांबवा. ११ आणि १३ या जागांवरचे बदल जवळजवळ जोडीनेच वारशात येतात. दोन भावंडं कायम एकत्रच घरात शिरत असतील, तर काच कोणी फोडली हे नुसत्या हजेरीवरून कसं सांगणार?

दुसरं, आकडा. तो आहे सुमारे पावणेदोन, पण तो ‘ऑड्स रेशो’ आहे, बरं का! समजा, व्हॅलिन नसलेल्या १०० रुग्णांपैकी ४० जणांची हाडं झिजली. मग व्हॅलिन असलेल्यांत किती? ७० नव्हे, ५४ च्या आसपास. म्हणजे ४६ जण व्हॅलिन बाळगून सहीसलामत! गटाबद्दल हे मोलाचं आहे. समोर बसलेल्या एका बाईला ‘तुमचे हात जाणार’ असं सांगायला अगदीच तोकडं. शिवाय लायडनच्या संशोधकांनी २००६ मध्येच दाखवलं होतं की शेअर्ड एपिटोपचा संबंध मुळात अँटी-सीसीपी प्रतिपिंडांशी आहे. ती प्रतिपिंडं साध्या रक्ततपासणीत कळतात. ती कळल्यावर, सुजलेले सांधे मोजल्यावर, सिगारेटचं विचारल्यावर, पहिला एक्स-रे पाहिल्यावर जनुक तपासून अंदाज आणखी किती सुधारतो? याचं ठोस उत्तर हातात येईपर्यंत मी तरी कुणा रुग्णाला या तपासणीवर पैसे घालायला सांगणार नाही.

आणि काळ. नॉरफोकच्या नोंदवहीतले सुरुवातीचे रुग्ण १९९० च्या आसपासचे. मेथोट्रेक्सेट लवकर आणि पुरेशा मात्रेत द्यायचं, हा शिरस्ता तेव्हा रुळलेला नव्हता. त्यांच्या सांध्यांची झीज म्हणजे जनुक अधिक अपुरे उपचार. आज वेळेवर औषध सुरू झालेल्या माणसाला तोच आकडा लावणं मला पटत नाही.

राहता राहिला आपला मुद्दा. हे रुग्ण प्रामुख्याने ब्रिटनमधले, युरोपीय वंशाचे. जपानात ०४:०५ हा प्रकार महत्त्वाचा ठरतो. भारतीय रुग्णांच्या अभ्यासांत १०:०१ चं नाव येतं. गंमत म्हणजे १०:०१ मध्येही अकराव्या जागी व्हॅलिनच आहे. तेव्हा हा नियम आपल्याकडे तपासता येण्याजोगा आहे, फक्त त्यासाठी त्याच रुग्णांचे हातापायांचे एक्स-रे वर्षानुवर्षं, एकाच पद्धतीने मोजून ठेवावे लागतील.