सप्रेम, ब्रायन

आणखी एक चांगला खेळाडू तुमच्यासाठी घेतला, टॉड. पैसे संपत आलेत. सप्रेम, ब्रायन.

1971 च्या फेब्रुवारीत डर्बी काउंटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचे अध्यक्ष सॅम लाँगसन यांना अशा मजकुराची तार मिळाली. ते तेव्हा कॅरिबियन बेटांवर सुट्टीला गेले होते. तार पाठवणारा होता त्यांचा मॅनेजर ब्रायन क्लफ, वय 35. टॉड म्हणजे संडरलंडचा बचावपटू कॉलिन टॉड. त्याच्यासाठी क्लफने 1,75,000 पौंड कबूल केले होते. बचावपटूसाठी एवढी रक्कम ब्रिटनमध्ये तोवर कुणी मोजली नव्हती. क्लफवर पुस्तकं आहेत, चित्रपट आहे, त्याच्या मुलाखती तर आजही आवडीने पाहिल्या जातात. पण खेळाडूंच्या खरेदीवरून मॅनेजर आणि क्लब यांच्यात जे काही चालतं, ते या तारेइतकं नेमकं मी दुसरीकडे कुठेच वाचलेलं नाही.

आधी तिची मांडणी पाहा. रीतसर कामकाजात मॅनेजरने खेळाडू सुचवायचा, किंमत सांगायची, संचालक मंडळाने होकार द्यायचा आणि मग सही व्हायची. क्लफ सुरुवातच सहीपासून करतो. ‘घेतला’, विषय संपला. किंमत तर त्याने लिहिलेलीच नाही. आणि घेतला कुणासाठी, तर ‘तुमच्यासाठी’. अध्यक्षांच्याच तिजोरीतून घेतलेली वस्तू अध्यक्षांनाच भेट म्हणून देणारा हा शब्द आहे. रागवायच्या आधी माणसाने हात पुढे करावा, अशी त्याची जागा.

पण या तारेतला खरा युक्तिवाद ‘आणखी एक’ मध्ये आहे. त्यामागे चार वर्षांचा हिशेब उभा आहे. 1967 मध्ये क्लफ आणि त्याचा सहकारी पीटर टेलर डर्बीत आले, तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. ट्रॅनमिअर रोव्हर्सच्या रॉय मॅकफार्लंडला त्यांनी रात्री उशिरा घरी जाऊन उठवलं आणि तो पायजम्यात असतानाच त्याची सही घेतली. पुढच्या वर्षी टॉटेनहॅमच्या डेव्ह मॅकेला आणलं, अवघ्या 5,000 पौंडांत. मॅके 33 वर्षांचा होता, स्कॉटलंडला परतायच्या विचारात होता. क्लफने त्याला बचावफळीत मागे उभं केलं. पळायचं काम तरुणांनी करायचं, मॅकेने खेळ वाचायचा आणि बाकीच्यांना वाचायला शिकवायचं. 1969 मध्ये डर्बी दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि मॅके त्या वर्षीच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या किताबाचा अर्धा मानकरी ठरला.

आर्ची गेमिलची हकिकत मला सगळ्यांत प्रिय. 1970 चं वर्ष. प्रेस्टनच्या या छोट्या चणीच्या खेळाडूवर एव्हर्टनचाही डोळा होता. क्लफ त्याच्या घरी गेला. गेमिलचं मन ठरेना. तेव्हा क्लफ म्हणाला, मी बाहेर गाडीत झोपतो. घरच्यांनी अर्थातच त्याला आत बोलावलं. रात्री तिथेच मुक्काम झाला, आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सही झाली. क्लफने त्या घरातली भांडीसुद्धा विसळली असं सांगतात. खेळाडूच्या घरात शिरून घरचाच होऊन जायचं, ही त्याची पद्धत. तीच पद्धत तारेत अध्यक्षांवर वापरली आहे.

‘पैसे संपत आलेत’ हे मात्र सहज वाचून पुढे जाण्यासारखं वाक्य नाही. आदल्याच वर्षी हिशेबातल्या गैरव्यवहारावरून डर्बीला 10,000 पौंड दंड झाला होता. लीगमध्ये चौथा येऊनही क्लबला युरोपातल्या स्पर्धेत खेळायची बंदी झाली होती. हे ताजं असताना संचालकांना न विचारता विक्रमी रकमेवर सही करणं म्हणजे त्यांच्या जबाबदारीला किंमत न देणं. लाँगसन स्वतः मालवाहतुकीच्या धंद्यात वर आलेले गृहस्थ. पैशाचं भान त्यांना क्लफपेक्षा जास्त होतं. क्लफच्या गोष्टी सांगताना संचालकांना कंजूष, कोत्या मनाची माणसं म्हणून रंगवायची चाल आहे. ती मला अन्यायाची वाटते. क्लब बुडाला असता, तर उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं.

आणि मग ‘सप्रेम’. तारेचे पैसे शब्दागणिक मोजले जात, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला सांगायला नको. आपल्याकडे तर तार आली म्हणजे घरात धस्स व्हायचं. म्हणून लोक तारेतून माया कापत आणि काम ठेवत. क्लफने पैसे संपल्याचं कळवताना मायेच्या शब्दावर पैसे खर्च केले. ही नुसती खुमारी नव्हे. लाँगसन त्याला मुलासारखं वागवत, आणि हे क्लफला पक्कं ठाऊक होतं. मंडळाच्या ठरावाची जागा त्याने जिव्हाळ्याने भरून काढली. तारेची सगळी मोहिनी या शब्दात आहे, आणि तिचा दोषही इथेच आहे. अधिकार लिहून दिलेला असला तर भांडणानंतरही तो टिकतो. जिव्हाळ्यावर घेतलेली मुभा जिव्हाळ्याबरोबरच जाते.

खरेदी म्हणून टॉडमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. संडरलंडच्या कुमार संघात क्लफने त्याला शिकवलं होतं, त्यामुळे माल पारखून घेतलेला होता. मॅकफार्लंड आणि टॉड ही जोडी मध्यभागी उभी राहिली आणि 1972 मध्ये डर्बीने इतिहासात पहिल्यांदा लीग जिंकली. 1975 मध्ये दुसऱ्यांदा जिंकली, तेव्हा इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी टॉडला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. त्या वेळी डर्बीचा मॅनेजर होता डेव्ह मॅके.

कारण तोवर क्लफ गेलेला होता. 1972 च्या ऑगस्टमध्ये लेस्टरच्या डेव्हिड निशवर 2,25,000 पौंड मोजले, पुन्हा मंडळाला न विचारता. आता जॅक कर्कलंड या संचालकाने बजावलं, महागडी खरेदी बंद. क्लफच्या दूरचित्रवाणीवरच्या बोलण्यावरून आणि वर्तमानपत्रातल्या लिखाणावरून लाँगसनही बिथरले होते. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर डर्बीने मँचेस्टर युनायटेडला हरवलं. त्यानंतर कर्कलंडने बोटाच्या खुणेने टेलरला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुमचं नेमकं काम काय? दोनच दिवसांत क्लफ आणि टेलरने राजीनामे दिले आणि ते मंजूर झाले.

तो प्रश्न अपमानाचा होता, पण त्याचं मूळ तारेतही सापडतं. तिथे टेलरचं नाव नाही. खेळाडू हेरणारी नजर बहुतेक वेळा टेलरची असे. गर्दीत उभं राहून, कुणाला पत्ता लागू न देता माणूस जोखणं हे त्याचं काम. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये असताना केनी बर्न्सला घ्यावं की नाही हे ठरवण्यासाठी तो वेष पालटून कुत्र्यांच्या शर्यतींना गेला होता. बर्न्सला तिथला नाद, आणि तो तिथे कसा वागतो हे टेलरला पाहायचं होतं. आपण दुकानाची दर्शनी काच आणि टेलर म्हणजे आतला माल, असं क्लफ स्वतः सांगे. तरी सही मात्र एकट्या ब्रायनची. अध्यक्षांशी नातं क्लफचं होतं, टेलरचं नव्हतं. म्हणून नातं विटलं तेव्हा पहिलं बोट टेलरकडे वळलं.

फॉरेस्टमध्ये दोघांनी 1978 ची लीग जिंकली आणि 1979 व 1980 चे लागोपाठ दोन युरोपियन कप मिळवले. 1982 मध्ये टेलर तिथून बाहेर पडला आणि थोड्याच महिन्यांत डर्बीचा मॅनेजर झाला. 1983 मध्ये क्लफ एका धर्मादाय पदयात्रेत चालत असताना टेलरने फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन डर्बीसाठी घेतला. 1980 च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा हाच रॉबर्टसन. क्लफला त्याने काहीही कळवलं नाही. ना फोन, ना तार. बारा वर्षांपूर्वी क्लफने लाँगसनना जे केलं, तेच आता क्लफच्या वाट्याला आलं, फक्त ‘सप्रेम’ वगळून.

क्लफने हे कधीच माफ केलं नाही. टेलर 1990 मध्ये वारला, तोवर दोघे पुन्हा एकमेकांशी बोलले नव्हते. 1994 मध्ये निघालेलं आपलं आत्मचरित्र क्लफने पीटर टेलरला अर्पण केलं आहे.