‘क्विट’चे ‘चले जाव’ होताना

१९४२च्या आंदोलनाला मराठीत दोन नावे आहेत: ‘चले जाव’ आणि ‘छोडो भारत’. दोन्ही ‘क्विट इंडिया’ची भाषांतरे मानली जातात आणि दोन्हींतली क्रियापदे हिंदीची आहेत. या उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. मूळ क्रियापदातले काय वाटेत गळाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

‘क्विट’ हे इंग्रजीतले साधे, रोजचे क्रियापद. नोकरी सोडायला चालते, गाव सोडायलाही चालते. कोर्टकचेरीत मात्र त्याला नेमका अर्थ आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात भाडेपट्टा संपण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत ‘नोटीस टू क्विट’ येते. जागेचा ताबा सोडण्याची ही नोटीस. घोषणेचे श्रेय ज्यांना सहसा दिले जाते ते युसूफ मेहेरअली कायदा शिकलेले होते. हा अर्थ त्यांनी हेतुपूर्वक योजला असे मी म्हणत नाही. पण इंग्रज वाचकाच्या कानाला तो परका नव्हता. या एका क्रियापदाने राज्यकर्ता भाडेकरू ठरतो आणि देश मालक.

काँग्रेसची मागणीही याच अर्थाला धरून होती. १४ जुलै १९४२च्या वर्ध्याच्या ठरावात स्पष्ट केले होते की, ब्रिटिश सत्ता जावी याचा अर्थ प्रत्येक इंग्रजाने देश सोडावा असा नाही. दोस्त राष्ट्रांच्या फौजा येथे राहू देण्याची तयारीही त्यात होती. माणसे राहिली तरी चालतील, ताबा सुटला पाहिजे. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर मंजूर झालेला ठरावही सत्ता काढून घेण्याबद्दलच बोलतो.

‘छोडो भारत’मध्ये निदान कर्म आहे, काय सोडायचे ते कळते. ‘चले जाव’ अकर्मक आहे. त्यात जमीन नाही, ताबा नाही. समोरचा माणूस तेवढा आहे आणि त्याला दाखवलेला दरवाजा. जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला असताना काँग्रेस शत्रूला वाट मोकळी करून देते, असा आरोप होत होता. वर्ध्याच्या ठरावाने केलेला खुलासा या शब्दांत मावत नव्हता.

खानदेशात हा फरक कुणाला शिकवावा लागला नसता. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. तेथील शेतीविषयक कार्यक्रमात कुळांना जमिनीवर कायमचा, वारसाहक्काचा ताबा मिळावा, अशी मागणी होती. जमीन सोडण्याचा हुकूम कुळाने नेहमी ऐकलेला. १९४२मध्ये तोच हुकूम सरकारला सुनावला गेला. ‘ताबा सोडा’ म्हटले असते तर फैजपूर आणि गवालिया टँक यांचा धागा भाषेतही दिसला असता.

मग ‘चले जाव’ का रुजले? याचे एक कारण वृत्तपत्रांची मुस्कटदाबी हे असावे. ऑगस्टमध्येच ‘हरिजन’ बंद पडले, ते १९४६पर्यंत. बातम्यांवर निर्बंध आले. शब्दाचा अर्थ उलगडून सांगणारा अग्रलेख जिथे छापता येत नाही, तिथे शब्द भिंतीवर, पत्रकात आणि मिरवणुकीत जगतो. तिथे त्याला दोन श्वासांत संपावे लागते. ९ सप्टेंबर १९४२ला तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. त्या मिरवणुकीतली घोषणा गुजराती होती, असे सांगतात. मराठी, अहिराणी, गुजराती जिथे एकाच बाजारात नांदतात, तिथे घोषणेची भाषा कोणती हे कुणी विचारत नाही.

म्हणून ‘चले जाव’ला चुकीचे भाषांतर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. घोषणा म्हणून ते पुरेपूर उतरले. उणीव पुढच्या लेखनाची आहे. ‘चले जाव ठराव’, ‘चले जाव चळवळ’ असे लिहिता लिहिता क्रियापदाचे विशेषण झाले आणि आपण ठरावाचा अर्थ घोषणेतून वाचू लागलो. इतिहास शिकवताना घोषणेशेजारी ‘ताबा सोडा’ हे दोन शब्दही ठेवावेत. त्या मुलांनी इंग्रजांना नुसते हाकलले नव्हते. जमीन कुणाची, हे सांगितले होते.