मशागत आणि राखण : मराठी ख्रिस्ती लेखनातील निसर्गभान

मराठी ख्रिस्ती साहित्यातील निसर्गाची चर्चा बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळकांपाशी (१८६१–१९१९) सुरू होते आणि तेथेच थांबते. ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदाने त्यांच्या निसर्गकवितेचे वाचन सोपे केले, तितकेच अरुंदही केले. ‘वनवासी फूल’मध्ये फूल कवीशी संवाद करते; त्या संवादाचा खरा विषय मात्र माणसाने जगात कसे राहावे, हा आहे. निसर्ग येथे माणसाचा गुरू आहे. या गुरूलाच एके दिवशी शिष्याकडून संरक्षण मागावे लागेल, ही कल्पना त्या काव्यविश्वात बसणारी नव्हती.

ती मराठी ख्रिस्ती लेखनात ठळकपणे आली वसईतून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) हे ‘सुबोध बायबल’चे कर्ते, ‘सुवार्ता’ मासिकाचे प्रदीर्घ काळ संपादक आणि हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे अग्रणी. त्यांचे धर्मलेखन एका कप्प्यात आणि पर्यावरणकार्य दुसऱ्या कप्प्यात ठेवण्याची रीत पडली आहे. ती सोयीची असली तरी ग्राह्य नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला सृष्टीवर सत्ता दिली जाते. याच धारणेत आधुनिक पर्यावरणसंकटाचे मूळ आहे, असा आरोप इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केला. दुसऱ्या अध्यायात मात्र मानवाकडे बागेची मशागत आणि राखण सोपविली जाते. अभ्यासकाला हा व्याख्येचा वाद वाटेल. वसईच्या वाडीवाल्याला तो रोजचा व्यवहार आहे. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या या पट्ट्यात गोडे पाणी जमिनीखाली मर्यादितच असते. पावसाचे पाणी साठविणारी बावखले ते पुन्हा भरून काढतात. बावखल बुजविले आणि कूपनलिकांनी बेसुमार उपसा केला, की शेजाऱ्याची विहीर खारी होते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेला येथे पाण्याची चव आहे. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ चे. वसईतील चळवळ त्याच्या सुमारे पाव शतक आधीची. म्हणून तिला रोमच्या आदेशाचा स्थानिक पडसाद म्हणता येत नाही.

या भूमिकेची अवघड कसोटी बाहेरून आलेल्या विकासकासमोर लागत नाही. तेथे शत्रू स्पष्ट असतो. ती लागते ती रविवारी मिस्साला येऊन सोमवारी वाडीचा सौदा करणाऱ्या धर्मबंधूसमोर. त्याच्याही घरी शिकणारी मुले असतात आणि भाजीपाल्याचे उत्पन्न अपुरे असते. लेवीय ग्रंथातील सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देण्याचा नियम त्याला प्रवचनातून ऐकविणे सोपे आहे. त्याचा हिशेब, त्याची लाज आणि त्याची सुटका एकाच वेळी पाहू शकेल असे माध्यम प्रवचन नव्हे, कादंबरी आहे. आणि वसईच्या या अनुभवाकडे मराठी समीक्षेने त्या अपेक्षेने अजून पुरेसे पाहिलेले नाही.