डाव्या हाताचे काम : नव्या ॲनालॉग सिंथेसायझरकडून लोकसंगीतकारांच्या अपेक्षा (विशेष संदर्भ : शिरूर व दौंड तालुके)

प्रास्ताविक

संगीतसमीक्षेत गायकाची चर्चा होते, रचनेची होते, क्वचित साथसंगतीचीही होते. वाद्य कसे घडावे हा प्रश्न मात्र कारागिराचा किंवा तंत्रज्ञाचा मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः वादक आपल्या वाद्याकडून जे मागतो त्यातच त्याची संगीतविषयक भूमिका दडलेली असते. गेल्या काही वर्षांत ॲनालॉग सिंथेसायझर या १९६०-७० च्या दशकांतील वाद्याचे जगभर पुनरुज्जीवन झाले आहे. मिनिमूग हे १९७० मध्ये बाजारात आलेले वाद्य २०१६ मध्ये पुन्हा तयार करण्यात आले. कॉर्ग कंपनीने एमएस-२० ची लहान आवृत्ती २०१३ मध्ये काढली. नव्या वाद्यात काय असावे याची चर्चा यामुळे पाश्चात्त्य संगीतकारांत पुष्कळ झाली. हाच प्रश्न शिरूर आणि दौंड तालुक्यांतील पेटीवादकाला विचारला तर उत्तर काय येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्याच्या गरजांचा शोध त्याच्या दोन हातांपासून, विशेषतः डाव्या हातापासून, घ्यावा लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

वाद्याचे स्वरूप

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये ध्वनी साठवलेला नसतो. तो विजेच्या प्रवाहातून त्या क्षणी घडतो. ऑसिलेटर आंदोलने निर्माण करतो, फिल्टर त्यांतील काही कंपने गाळून ध्वनीचा पोत ठरवतो आणि ध्वनीची तीव्रता कशी वाढावी, कशी ओसरावी हे तिसरे मंडल ठरवते. स्वराची उंची व्होल्टेजवर अवलंबून असते. व्होल्टेज सलग वाढत असल्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सरकत जाणे या वाद्याच्या प्रकृतीतच आहे. मिनिमूग एका वेळी एकच स्वर वाजवू शकत असे. पाश्चात्त्य स्वरमेळाच्या दृष्टीने ही उणीव होती. एका स्वरावलीच्या विस्तारावर उभ्या असलेल्या आपल्या संगीताला तिची अडचण वाटण्याचे कारण नाही.

याउलट आज गावोगावच्या वाद्यवृंदांत दिसणारा डिजिटल कीबोर्ड सनई, सतार, तबला यांचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवतो. तो ध्वनी घडवत नाही. साठवलेला ध्वनी काढून देतो. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही.

मुंबईची पूर्वपीठिका

महाराष्ट्राला विजेवर चालणारे ॲनालॉग वाद्य अपरिचित नाही. १९५४ च्या 'नागिन' या चित्रपटातील बीन ही पुंगी नव्हती. हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हायोलिन या वाद्यावर वाजवली आणि रवी यांनी तिला हार्मोनियमची जोड दिली. क्लॅव्हायोलिन हे व्हॉल्व्हवर चालणारे, एका वेळी एकच स्वर देणारे वाद्य. त्याच्या स्वरात कंप आणता येई आणि गुडघ्याने दांडी ढकलून आवाज फुलवता किंवा दाबता येई. बीन खरी वाटली याचे श्रेय अनेकदा ध्वनीच्या साधर्म्याला दिले जाते. परंतु कान देऊन ऐकल्यास तो स्वर फुगतो, आक्रसतो आणि थरथरतो, म्हणजे श्वास घेतो, हे अधिक जाणवते. आज शिरूर-दौंडच्या कोणत्याही वरातीत बँडवाले क्लॅरोनेटवर ती धून वाजवतात, तेव्हा फुंकीचे वाद्य विजेच्या वाद्याची नक्कल करीत असते. विजेचे वाद्य लोकसंगीतात मिसळू शकत नाही, या समजाला याहून बोलके उत्तर नाही.

पुढे केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका काढली. रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे वापरून त्यांनी भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस यांसह दहा राग वाजवले. त्या वेळी दुर्लक्षित राहिलेली ही ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली आणि शिकागोतील अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताची पूर्वसूचना म्हणून तिचा गौरव झाला.

या गौरवाविषयी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. शिकागोत पुढे काय घडले यावरून मुंबईतील ध्वनिमुद्रिकेचे मोल ठरवणे म्हणजे नातवाच्या कर्तबगारीवरून आजोबांची किंमत करणे होय. तिचे परीक्षण रागसंगीताच्या कसोटीवर व्हावयास हवे. त्या कसोटीवर ती अर्धी उतरते. टीबी-३०३ मधील स्वर सरकवण्याची सोय चरणजित सिंग यांनी अशी वापरली आहे की खालच्या स्वरांची ओळ घसरत, वळत जाते आणि मींडेचा आभास निर्माण होतो. परंतु ठेका आणि खालची ओळ ही दोन्ही यंत्रे ठरलेल्या मात्रांची चौकट पुन्हा पुन्हा फिरवतात. रागविस्तारात तबलजी गायकाकडे पाहून लय किंचित सैल सोडतो. येथे यंत्र कोणाकडे पाहत नाही. वादकाचा उजवा हात रागात आहे आणि बाकी सर्व यंत्राच्या ताब्यात आहे. ही त्रुटी वादकाच्या प्रतिभेची नाही, वाद्याच्या मांडणीची आहे. आणि नेमकी तीच पुढे खेड्यापाड्यांतील कीबोर्डच्या वाट्याला आली.

शिरूर-दौंडचा संगीतव्यवहार

घोड आणि भीमा नद्यांच्या या परिसराला लोककलेची दीर्घ परंपरा आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव गंगारामबुवा कवठेकर यांचा तमाशा आणि बी. के. मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) यांच्या लावण्या व वगनाट्ये यांमुळे परिचित आहे. मोमीन यांना २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार लाभला. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गावरील चौफुला हे ठिकाण संगीतबारीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. ढोलकी फडाच्या तमाशात ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज यांचा मेळ असतो. संगीतबारीच्या बैठकीत पेटी, तबला आणि ढोलकी ही मुख्य साथ असते. यांखेरीज भजनी मंडळे, लग्नाचे बँड आणि वाद्यवृंद आहेतच.

या सर्व व्यवहारात एक तत्त्व समान आहे : वाद्य गळ्यामागे जाते. गाणारीचा षड्ज आज कोठे लागतो हे प्रवास, जागरण व ऋतू ठरवतात आणि वादक त्याप्रमाणे आपले वाद्य जुळवतो. यात्रेत खेळ सुरू होण्यापूर्वी हलगीवाला गवताचा जाळ करून हलगी शेकतो. तुणतुणेवाला खुंटी पिळतो. ढोलकीवाला शाईच्या बाजूची ओढ कमीअधिक करतो. जुने ॲनालॉग सिंथेसायझरही उष्णतेने स्वर सोडत आणि काही वेळ तापू दिल्यावरच स्थिर होत. पाश्चात्त्य वादकांची ती जुनी तक्रार आहे. हलगी शेकणाऱ्याला मात्र वाद्य तापवून वाजवण्यात नवल वाटणार नाही.

पेटीचा भाता आणि डावा हात

पेटीने या परिसरात जे स्थान मिळवले ते सहज मिळाले नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला प्रवेश नाकारला होता. मींड निघत नाही आणि सप्तक बारा समान भागांत कापलेले आहे, हे तिच्यावरील आक्षेप खरेच होते. समविभाजित सप्तकातील शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने, चढा असतो. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली. ती कशाच्या बळावर? उत्तर डाव्या हातात आहे. स्वर उजवा हात निवडतो, पण त्या स्वरात प्राण भरण्याचे काम भात्यावरील डावा हात करतो. सूर किती वेळ धरायचा, कोठे दाबायचा, गायिकेच्या श्वासाबरोबर कोठे सोडायचा हे सारे भाता ठरवतो. संगीत नाटकाच्या पायपेटीत हेच काम पायांकडे होते. मींड नसलेल्या वाद्याने श्वासाच्या जोरावर मींडेची उणीव सुसह्य केली.

आता डिजिटल कीबोर्डकडे पाहू. पेटीवादक त्यावर बसतो तेव्हा त्याचा डावा हात प्रथम रिकामा होतो. मग त्या हाताला नवे काम दिले जाते : स्वरगुच्छ दाबून धरणे. तो गुच्छ दाबला की यंत्रातील तयार ठेका, बास आणि साथ आपोआप सुरू होते. जो हात गळ्याला श्वास पुरवत होता, तोच ढोलकीवाल्याला पर्याय ठरणारे यंत्र चालवू लागतो. वाद्याच्या मांडणीतील हा बदल तांत्रिक आहे तितकाच सामाजिकही आहे. एका वादकाच्या मानधनात चार वाद्यांचा आवाज मिळू लागला की माणसे कमी करण्याचा मोह संयोजकाला होतो आणि उरलेल्या वादकाला यंत्राच्या लयीत गावे-वाजवावे लागते.

नव्या वाद्याकडून अपेक्षा

उपरोक्त विवेचनाच्या आधारे या परिसरातील वादकाच्या चार अपेक्षा मांडता येतात.

१. स्वर सरकता आणि जुळवता यावा. बैठकीतील षड्ज काळी चार आणि काळी पाच यांच्या मध्ये पडला तर एका खुंटीने संपूर्ण वाद्य तेथे नेता आले पाहिजे. बाराही स्वर स्वतंत्रपणे चढवता-उतरवता यावेत. ही मागणी अशक्य कोटीतील नाही. कॉर्गच्या मोनोलॉग या सिंथेसायझरमध्ये 'एफेक्स ट्विन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश संगीतकाराच्या सहभागामुळे अशी सोय आली. आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली आहे.

२. डाव्या हाताला भाता मिळावा. दाबानुसार ध्वनीची तीव्रता आणि फिल्टर दोन्ही उघडणारी-मिटणारी पट्टी किंवा दांडी हवी. क्लॅव्हायोलिनमध्ये हे काम गुडघा करीत होता; फ्रान्समधील ओंद मार्तेनो या वाद्यात ते डाव्या हाताकडेच आहे. पेटीवादकाची अनेक वर्षांची साधना अशा रचनेत वाया जात नाही.

३. नियंत्रणे हाताखाली असावीत. संगीतबारीत फर्माईश आली की क्षणात लावणी बदलते. वादकाची नजर गायिकेवर आणि ढोलकीवर असते. पडद्यावरील याद्या उघडत बसण्यास त्याला सवड नसते. एका बटणाला एकच काम, ही जुन्या ॲनालॉग वाद्यांची रीत येथे उपयोगाची ठरते.

४. वाद्याने प्रवास सोसावा आणि लक्षात ठेवावे. दसऱ्यानंतर सुरू होणाऱ्या हंगामात वाद्ये ट्रकमधून फिरतात. धूळ, ऊन आणि जनरेटरचा कमीजास्त होणारा दाब ही नित्याची गोष्ट आहे. मूळ मिनिमूगला जुळवलेला ध्वनी साठवता येत नसे. ही सोय १९७८ च्या प्रॉफेट-५ या वाद्याने रूढ केली. स्मरणाचे काम डिजिटल मंडलाकडे आणि ध्वनिनिर्मितीचे काम ॲनालॉग मंडलाकडे, अशी विभागणी करण्यास हरकत नसावी.

एक आक्षेप

वादकांना हे सारे हवेच असते काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. वाद्यवृंदातील पुष्कळ वादक तयार टोनच मागतात, हे नाकारता येत नाही. श्रोत्याला गाणे ध्वनिमुद्रिकेसारखे ऐकावयाचे असते आणि वादकाला त्यावर पोट भरावयाचे असते. प्रस्तुत लेखकाला ही मागणी क्षुद्र वाटत नाही. तथापि मागणी ही उपलब्ध वस्तूंच्या मर्यादेत घडते. ज्याला भाता असलेले विजेचे वाद्य कधी पाहावयासच मिळाले नाही, तो ते मागणार कसा? पेटीविषयीही वर्षानुवर्षे निर्णय वादकाला न विचारताच घेतला गेला. बंदी घालणाऱ्यांनी वाद्यात काय नाही ते पाहिले. आज विकणारे वाद्यात किती टोन आहेत ते पाहतात. वादकाचा हात या दोन्ही हिशेबांत आलेला नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, ॲनालॉग सिंथेसायझर हा त्याच्या सलग स्वरामुळे, एकस्वरी प्रकृतीमुळे आणि हाताने जुळवण्याच्या रीतीमुळे आपल्या लोकसंगीताला डिजिटल कीबोर्डपेक्षा, किंबहुना पेटीपेक्षाही, जवळचा ठरू शकला असता. महाग आणि नाजूक असल्यामुळे तो मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांबाहेर फारसा आला नाही. आज परिस्थिती वेगळी आहे. ऑसिलेटर, लो-पास फिल्टर, ५५५ क्रमांकाच्या आयसीवरील मल्टिव्हायब्रेटर हे प्रयोग आपल्या महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी पदवी स्तरावर करतात. प्रात्यक्षिक वहीत सही झाली की ते मंडल मोडले जाते. त्याच मंडलांना एक भाता जोडून ते वाद्य चौफुल्याच्या किंवा कवठे येमाईच्या एखाद्या पेटीवादकासमोर ठेवले आणि तो काय बदल सुचवतो ते टिपून घेतले, तर इलेक्ट्रॉनिक्स, संगीत आणि मराठी या तीन विभागांना मिळून करता येईल असा खरा आंतरविद्याशाखीय प्रकल्प उभा राहील. त्याचे यश नव्या आवाजावरून मोजू नये. गायिकेने ओळीच्या मध्येच श्वास घेतला तेव्हा वाद्य थांबले की नाही, आणि शेजारी ढोलकीवाला बसलेला आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरे.