अटी लागू

पीटर सूबर ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने 1982 साली 'नॉमिक' नावाचा खेळ काढला. ह्यात खेळायचं म्हणजे नियमच बदलायचे! सुरुवातीला नियम 29. त्यांतले 13 मतदानाने हलतात; उरलेल्या 16 ना आधी एकमताने सैल करावं लागतं. आपली खेळी आली की नवा नियम मांडा, मतं घ्या, फासा टाका. शंभर गुण झाले की जिंकलात.

दारव्ह्यात आम्ही चौघे कारकून एका रविवारी बसलो. 'लेखी करार बंधनकारक' असा नियम सर्वांनी आनंदाने मंजूर केला. लगेच कॅशियरने हेडक्लार्कला मतं द्यायची आणि हेडक्लार्कने 'खेळी संपल्यावर' निम्मे गुण द्यायचे, असा करार झाला. हेडक्लार्कचा फासा पडला, शंभर भरले. "खेळच संपला," तो म्हणाला, "खेळी संपली कुठे?"

"कागद तुमचा खरा भाऊ," कॅशियर म्हणाला, "पण तुमच्या भिशीत आता मी नाही, बाप्पा!"

सूबरसाहेबांची अक्कल मोठी, ह्यात वाद नाही. नियमांचा गुंता होऊन खेळ अडलाच, तर ज्याची खेळी पहिल्यांदा अडेल तोच विजयी, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. (आमच्या थकबाकीदारांना कृपया कळवू नये.) पण गुणांच्या हिशेबात पतीचा रकाना नाही, ही माझी तक्रार. बँकेच्या फॉर्मवरची प्रत्येक बारीक अट हे अशाच एखाद्या हुशार माणसाचं स्मारक असतं. वाचायचं मात्र बाकीच्यांनी.

पुढच्या रविवारी कॅशियरचा करार साडेतीन पानी होता. 'संपणे' ह्या एका शब्दाला सहा कलमं. खेळायला वेळच उरला नाही. चहाचे पैसे हेडक्लार्कने न बोलता दिले.