आद्याक्षरांचे कूट : भाषांतर, माध्यमांतर आणि पात्राचे रहस्य

अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या चाहत्यांमध्ये पात्रांविषयीची कोडी सोडवण्याची जी चुरस चालते, तिची गणना सहसा करमणुकीतच होते. वस्तुतः कोडे सोडवणारा वाचक संहितेचा शब्दन्‌शब्द पारखत असतो. आणि तीच संहिता दुसऱ्या भाषेत किंवा पडद्यावर जाते, तेव्हा तो नकळत तौलनिक अभ्यासक होतो. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील एका कोड्याच्या आधारे या वाचनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा प्रस्तुत लेखात तपासली आहे.

मालेच्या सहाव्या खंडाच्या (२००५) अखेरीस हॅरीच्या हाती एक बनावट लॉकेट येते. मूळ लॉकेटमध्ये वोल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचा अंश दडवलेला होता. ते पळवून नेणाऱ्याने आत ठेवलेल्या चिठ्ठीखाली ‘आर. ए. बी.’ एवढीच सही आहे. सातवा खंड जुलै २००७ मध्ये आला. मधल्या दोन वर्षांत वाचकांनी मागील खंड पुन्हा चाळले. पाचव्या खंडात (२००३) ब्लॅक घराण्याच्या जुन्या वास्तूची साफसफाई चालली असता, कोणालाही उघडता न आलेल्या एका जड लॉकेटचा ओझरता उल्लेख येतो. सिरियस ब्लॅकच्या मृत धाकट्या भावाचे, रेग्युलसचे, नावही त्याच खंडात येते. संशयाला जागा होती. पुरावा मात्र नव्हता.

पुरावा मिळाला तो अनुवादांतून. ‘ब्लॅक’ हे आडनाव अर्थवाही असल्याने काही अनुवादकांनी त्याचे भाषांतर केले होते. डचमध्ये ते ‘झ्वार्ट्स’, नॉर्वेजियनमध्ये ‘स्वार्ट’ आणि फिनिशमध्ये ‘मुस्ता’ झाले. सहाव्या खंडाचे अनुवाद आले, तेव्हा सहीतील शेवटचे अक्षर डचमध्ये ‘झेड’, नॉर्वेजियनमध्ये ‘एस’ आणि फिनिशमध्ये ‘एम’ असे आढळले. आडनाव कायम ठेवणाऱ्या फ्रेंच व जर्मन अनुवादांत ‘बी’ टिकून होता. निरनिराळ्या देशांतील वाचकांनी ही अक्षरे शेजारी शेजारी मांडताच निष्कर्ष अटळ झाला. अनुवादकांपुढे दुसरा मार्गही नव्हता. आडनावाचा निर्णय त्यांनी कोडे जन्माला येण्यापूर्वीच घेतला होता. ‘बी’ ठेवावा, तर त्यांच्या वाचकांना कोडे सुटणार नाही. बदलावा, तर ते साऱ्या जगाला सुटेल. प्रत्येक अनुवाद आपापल्या ठिकाणी निर्दोष होता. रहस्य फुटले ते त्यांच्या तुलनेतून.

या प्रसंगाचा मराठीच्या संदर्भात विचार केला, तर लिपीचा प्रश्नही पुढे येतो. आपल्याकडे आद्याक्षरे लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक इंग्रजी अक्षरनामांची. दुसरी देवनागरी अक्षरांची. दुसऱ्या रीतीत स्वरचिन्ह आणि जोडाक्षर दोन्ही टिकतात, म्हणूनच श्रीधर व्यंकटेश केतकर हे ‘श्री. व्यं. केतकर’ होतात. या रीतीने रेग्युलस आर्क्टरस ब्लॅकची सही ‘रे. आ. ब्लॅ.’ अशी झाली असती आणि कोडे वाचता वाचताच सुटले असते. रोमन आद्याक्षर नावाचा एक वर्ण दाखवते, तर देवनागरी आद्याक्षर नावाचा उच्चारच सुरू करते. रहस्य किती झाकावे, हे अशा ठिकाणी लेखकाइतकेच लिपीही ठरवते.

माध्यमांतराची कथा वेगळी आहे. पाचव्या खंडावरील चित्रपटाच्या (२००७) पटकथेतून आरंभी क्रीचर हे पात्र वगळलेले होते. क्रीचर हा ब्लॅक घराण्याचा गुलाम एल्फ. पुढील कथेत त्याची गरज पडेल, असे लेखिकेने सुचवल्यावर त्याला पटकथेत जागा मिळाली. क्षुल्लक वाटणारे पात्र पडद्यावर का टिकले, हा प्रश्नही त्यामुळे कोड्याचा दुवा ठरू शकतो. अनुवादात बदललेले अक्षर बोलके झाले, तसे चित्रपटात न गाळलेले पात्र.

मात्र येथेच या वाचनाची मर्यादा दिसते. चाहत्यांनी नाव अचूक ओळखले. पण नाव म्हणजे पात्र नव्हे. सातव्या खंडात ते नाव दारावरील पाटीवर सहज सापडते आणि कथेचा खरा भार क्रीचरच्या निवेदनावर पडतो. वोल्डेमॉर्टचा अनुयायी असलेल्या रेग्युलसने आपला गुलाम त्याच्या स्वाधीन केला. क्रीचर मरणाच्या दारातून परतला, तेव्हा रेग्युलस स्वतः त्या गुहेत गेला, विष स्वतः प्यायला आणि लॉकेट बदलून परत जाण्याची आज्ञा त्याने क्रीचरला दिली. ज्याला सिरियस मूर्ख आणि भेदरट समजत होता, त्या भावाचे मरण असे होते. आणि ज्या क्रीचरचा तो तिरस्कार करी, तोच त्या मरणाचा एकमेव साक्षीदार होता. हे कोणत्याही आद्याक्षरात सामावणारे नव्हते. सातव्या खंडावरील चित्रपटाच्या पहिल्या भागाने (२०१०) दारावरची पाटी दाखवली आणि क्रीचरला बोलतेही केले. गुहेतील मरणाची हकीकत मात्र गाळली. कोड्याचे उत्तर राहिले, ज्यासाठी कोडे घातले ते गेले.

याउलट उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतील होडोरचे आहे. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीत (१९९६) हे पात्र आपल्या नावाखेरीज एकही शब्द बोलत नाही. २०१६ साली मालिकेने उलगडा केला की, तो शब्द म्हणजे दार अडवून धरण्याच्या इंग्रजी आज्ञेचे आक्रसलेले रूप आहे आणि ती आज्ञा पाळतानाच त्याचा अंत होतो. येथे उत्तर कळणे आणि त्या माणसाचे आयुष्य कळणे, या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. अनुवादकांची अडचण मात्र उलटी झाली. वीस वर्षे निरर्थक ध्वनी म्हणून जसाच्या तसा उतरवलेला शब्द अचानक अर्थपूर्ण झाला, आणि त्या ध्वनीत आक्रसू शकेल असे वाक्य आपापल्या भाषेत शोधणे भाग पडले.

महाभारताच्या लेखनकथेत गणेशाची लेखणी क्षणभर थांबावी म्हणून व्यासांनी कूटश्लोक रचले, अशी आख्यायिका आहे. पात्रविषयक कोड्याचेही प्रयोजन वाचकाला थांबवणे हेच असते. त्या विरामात चाहत्यांनी जे केले, ते अनुवादाभ्यासाला उपयोगी पडावे इतके काटेकोर होते. परंतु लॉकेटचा माग काढताना बहुतेकांची नजर सहीवर खिळली होती. ज्या घरात ते लॉकेट होते, त्या घरात पुटपुटत वावरणाऱ्या गुलामाला काय ठाऊक असेल, हा प्रश्न अधिक मोलाचा होता. उत्तर बरोबर आले की वाचन पुरे झाले असे नव्हे, हे ध्यानी ठेवल्यास अभ्यासकाला या वाचकांकडून शिकताही येईल आणि त्यांच्यापुढे एक पाऊल टाकताही येईल.